गुडघा बदलल्यानंतरची भूल आणि दुखणं : या चुका टाळा

मी जळगावात फिजिओ आहे. कापसाची वेचणी आटपली की अमळनेर, पारोळा, चोपड्याकडून गुडघ्याचे पेशंट यायला लागतात. गुडघा कोणत्या कंपनीचा, खर्च किती, जिना कधी चढायचा हे सगळे विचारतात, पण भूल कोणती देणार आणि ती कधी उतरणार हे विचारणारे फार थोडे, आणि पहिल्या दोन दिवसांतला निम्मा त्रास तिथूनच सुरू होतो.

माझ्या मावशीचंच सांगते. सकाळी अकराला ऑपरेशन, कमरेत स्पायनल, म्हणजे कमरेखालचं अंग बधिर करणारं इंजेक्शन, आणि वर मांडीत सोनोग्राफी बघून ब्लॉक, म्हणजे नसेजवळ औषध देऊन तेवढाच भाग बधिर करणं. संध्याकाळी मावशी एकदम खुशीत, चहा पीत गप्पा मारतेय. सिस्टर गोळ्या घेऊन आली तर म्हणे, "माले काहीच दुखत नही, गोई कसाले खाऊ?" आणि मीसुद्धा म्हटलं राहू दे, दुखल्यावर घेईल. रात्री तीनला ब्लॉक उतरला. मावशीने पलंगाची दांडी अशी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडलेली, ओठ दाताखाली, इंजेक्शन देऊनही दुखणं आटोक्यात यायला सकाळ झाली आणि त्या दिवशीचं चालणं राहूनच गेलं.

चूक माझीच होती. स्पायनल दोन-चार तासांत उतरते, एकदाच दिलेला ब्लॉक साधारण 12 ते 24 तास चालतो, आणि उतरताना दुखणं हळूहळू नाही तर एकदम अंगावर येतं. म्हणून ब्लॉक चालू असतानाच पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या बाकीच्या गोळ्या वेळेवर पोटात गेल्या पाहिजेत, दुखो न दुखो. ब्लॉक किती वाजता दिला ते कागदावर लिहून उशाशी ठेवा. बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर दुखण्याची गोळी मेडिकलवरून आपल्या मनाने आणू नका, काही गोळ्या किडनीला झेपत नाहीत.

दुसरी चूक म्हणजे "पाय हलतोय ना, मग उठू दे". जांघेत दिलेल्या फेमोरल ब्लॉकने दुखणं छान थांबतं, पण मांडीचा पुढचा स्नायूही ढिला पडतो आणि उभं राहताच गुडघा खाली बसतो. हल्ली बरेच जण मांडीच्या मधोमध, आतल्या बाजूने ॲडक्टर कॅनाल ब्लॉक देतात, त्यात ताकद बरीचशी शिल्लक राहते, आणि मला चालवायच्या दृष्टीने तोच आवडतो. तरीही औषध कधी कधी वर पसरतं, म्हणून मी आधी झोपूनच पाय सरळ उचलायला लावते, नाही उचलला तर उभं करत नाही. रात्री बाथरूमला जाताना तर एकट्याला अजिबात सोडू नका, वॉकर असला तरी.

"ब्लॉक दिला तरी गुडघ्याच्या मागे का दुखतं, ब्लॉक फेल गेला का?" असंही खूप विचारतात. फेल नाही गेला, ॲडक्टर ब्लॉक पुढचा आणि आतला भाग बधिर करतो, मागच्या नसा वेगळ्या. त्यासाठी आयपॅक नावाचा ब्लॉक देतात किंवा सर्जन ऑपरेशनमध्येच सांध्याभोवती औषध भरतात. पुढचं आणि मागचं दोन्ही एकत्र केलं तर चांगलं जमतं, म्हणून मागचं काय करणार हे आधीच विचारा.

एपिड्युरल म्हणजे पाठीत बारीक नळी ठेवून औषध देणं. दुखणं जोरदार थांबतं, पण बीपी उतरणं, लघवी अडकणं, दोन्ही पाय जड होणं हे सोबत येतं. आणि रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर नळी घालायची-काढायची वेळ फार जपावी लागते, नाहीतर मणक्यात रक्त साचून पायच जायची भीती. त्यामुळे हार्टची, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लपवू नका आणि आपल्या मनाने बंदही करू नका.

बधिर पायावर गरम पाण्याची पिशवी ठेवून कातडी भाजलेली मी पाहिलीय, पेशंटला कळलंच नव्हतं. गुडघ्याखाली उशीही नको, गुडघा वाकडाच राहायची सवय लागते. टाच गादीवर एकाच जागी दाबून राहत नाही ना ते अधूनमधून बघा.

आणि ब्लॉक उतरायची वेळ टळून गेली तरी पंजा वर उचलता येत नसेल, पोटरी सुजून दुखत असेल, दम लागत असेल, नाहीतर ब्लॉक देताना-दिल्यावर लगेच ओठ बधिर वाटले, कानात वाजायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा.