घरी बीपी नीट कसं मोजावं

वाढलेलं बीपी दुखत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं अंगात मुरतं. हार्ट अटॅक आणि पक्षाघात, दोन्हींमागचं ते एक मोठं कारण. इंदूरला रामबाग, राजेंद्रनगरकडच्या बऱ्याच मराठी घरांत आता मशीन आहे. मोजताना मात्र एका हातात चहा आणि समोर टीव्ही.

मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. आखूड असला तर आकडा उगाच जास्त येतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. मग खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, एकावर एक नकोत. बाही वर सारून आवळण्यापेक्षा हात बाहेर काढा. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या पातळीला येईल. टेबल बुटकं असेल तर खाली उशी घ्या. हात लोंबकळत राहिला तरी आकडा चढतो. मोजताना बोलू नका, आजी-आजोबांचं मोजत असाल तर त्यांच्याशीही बोलू नका.

पहिल्या दिवशी दोन्ही हात तपासा. जास्त आकड्याचा हात पुढे कायम. मग सात दिवस सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा. सगळे आकडे वहीत लिहा, नको वाटणारेसुद्धा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती 135/85 किंवा वर असेल तर डॉक्टरांना दाखवा. 180/120च्या वर आकडा आणि छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं दिसलं, तर वही बाजूला ठेवून 108ला फोन करा. आकडा कमी असला तरी ही लक्षणं दिसताच फोन करायचाच.

त्याच आठवड्यात मिठाकडेही बघा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम चहाचा चमचा. आपल्याकडे पोह्यांतच मीठ, वर शेव, त्यावर जीरावन हा खारट मसाला. दुपारी पानात पापड-लोणचं, संध्याकाळी पुन्हा शेव. सैंधव वापरलं तरी सोडियम येतंच. पोहे सोडायला मी सांगणार नाही, पण वरची शेव आणि जीरावन आधी कमी करा.

आकडा उतरला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडे वहीबरोबर मशीनही न्या, त्यांच्या मशीनशी ताडून घेता येईल.