मत्तयाची वंशावळी वाचताना या चुका टाळा

नाताळ जवळ आला की बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, म्हणजे येशूची वंशावळी, निघतो. अब्राहामास इसहाक झाला, इसहाकास याकोब झाला... सतराव्या वचनापर्यंत वाचणारा धापा टाकतो आणि ऐकणारे जांभया देतात. एका वर्षी बायबल अभ्यासात मीच सुचवलं होतं, "थेट अठराव्या वचनापासून घेऊ या." पहिली चूक ती. मत्तयाला जे सांगायचं होतं, त्यातलं बरंचसं मी त्या दिवशी गाळलं.

दुसरी चूक आकडेमोडीची. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट आहेत म्हटल्यावर लोक बोटं मोजू लागतात. दुसऱ्या गटाच्या शेवटी आलेल्या यखन्याला शेवटच्या गटात पुन्हा धरलं नाही तर तेराच भरतात. योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजेही मत्तयाने गाळले आहेत. '१ इतिहास ३' (बायबलमधल्या पहिल्या इतिहास ग्रंथाचा तिसरा अध्याय) शेजारी ठेवा, लगेच दिसेल. हा विसराळूपणा नव्हे. 'झाला' या शब्दात नातू-पणतूही मावतो, आणि हिब्रूत अक्षरांना अंकमूल्य असतं, त्यामुळे दावीद राजाच्या नावाची बेरीज ४+६+४ म्हणजे चौदाच होते. बऱ्याच अभ्यासकांना आकड्याचं मूळ तिथेच दिसतं. लूकच्या शुभवर्तमानातल्या वंशावळीत मात्र मरीयेचा नवरा योसेफ याच्या बापाचं नाव याकोब नसून एली आहे. "ती मरीयेची वंशावळी" असं ठामपणे शिकवू नका, लूक तिथे मरीयेचं नाव घेत नाही.

तिसरी चूक मला जास्त खुपते. वंशावळीत आलेल्या तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको यांना एका दमात 'चार पापी स्त्रिया' म्हणून मोकळं व्हायचं! रूथने कोणतं पाप केलं? परक्या मवाब देशाची असूनही ती विधवा सासूला धरून राहिली. तामारेबद्दल तर 'उत्पत्ती ३८' मध्ये तिचा सासरा यहूदाच कबूल करतो की ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे. चौथीचं नावच मत्तय लिहीत नाही. 'उरीयाची बायको' म्हटलं की बोट दाविदाकडे जातं, कारण उरीयाला त्यानेच मारवलं होतं. आपण मात्र प्रवचनात त्या बायकोला, बथशेबेलाच धारेवर धरतो.

आणि हल्ली फार ऐकू येणारी चूक म्हणजे पिढीजात शाप. घरात आजारपण, व्यसन, मोडलेलं लग्न असं काही असलं की "पूर्वजांचं पाप शोधा" असा सल्ला मिळतो आणि आधाराला वंशावळी पुढे केली जाते. सल्ला देणाऱ्यांनी मधले राजे नीट वाचावेत. हिज्कीया देवभिरू, त्याचा मुलगा मनश्शे मूर्तिपूजक, तोही पंचावन्न वर्षं गादीवर. त्याचा आमोन तसाच, दोन वर्षांत चाकरांनी मारलेला. आणि आमोनाच्या पोटी योशीया, आठव्या वर्षी राजा झालेला, ज्याने मंदिर दुरुस्त केलं. 'खाण तशी माती' ही म्हण इथे दोन्ही बाजूंनी फसते. मनश्शेसुद्धा बंदिवासात नम्र झाला, असं '२ इतिहास ३३' सांगतं. बापाच्या पापाचा भार मुलावर नाही, हे 'यहेज्केल १८' मध्ये सरळ लिहिलं आहे. घरात व्यसन असेल तर उपचार आणि प्रार्थना दोन्ही करा, खापरपणजोबांना कशाला उकरायचं? उलट बाजूही तितकीच खरी. "आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती" एवढ्यावर मुलांचा विश्वास उभा राहत नाही, हिज्कीयाच्या घरीही राहिला नाही.

शेवटच्या गटातल्या अबीहूदापासून योसेफाचा बाप याकोब याच्यापर्यंतच्या नऊ जणांची शास्त्रात दुसरी काहीच माहिती नाही. नावांचे अर्थ काढून त्यांच्यावर गोष्टी रचू नका.

यंदा तुमच्यावर वाचनाची पाळी असेल आणि तयारीला वेळ नसेल, तर 'उत्पत्ती ३८' आणि '२ इतिहास ३३' हे दोन अध्याय तरी आदल्या रात्री वाचून जा. आणि नावं एकदा मोठ्याने म्हणून बघा, जरुब्बाबेलपाशी जीभ हमखास अडखळते.