उत्तर आधी पिशवीत: चित्रकलेच्या कोड्यांची तयारी

चित्रकलेतले शब्द कोड्यांतून शिकवायचे, तर तासाच्या आठ दिवस आधी शब्द निवडायला बसावं. पाचवी-सहावीला एका तासिकेत पाच शब्द पुरे. सहावा घेतला की पहिला निसटतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय. पोत, छटा, छाया, सावली, ठसा, क्षितिजरेषा, प्रतिकृती असे शब्द कागदावर उतरवावेत आणि प्रत्येकापुढे लिहावं, हा दाखवणारी वस्तू गावात कुठे मिळेल. ज्याच्यापुढची जागा कोरी राहील तो शब्द पुढच्या महिन्यावर ढकलावा. वस्तू हाताशी नसेल तर कोडं म्हणजे फळ्यावरच्या व्याख्येनंच घेतलेलं सोंग होतं, आणि मुलं ते लगेच ओळखतात.

कोडं म्हणजे काय, हे आपल्या खानदेशातल्या पोरांना सांगावं लागत नाही. घरी आजीचे आन्हे, म्हणजे अहिराणीतली कोडी, ऐकूनच ती आलेली असतात. गुलाबाईच्या दिवसांत झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा, गोड का तिखट, तळलेला का भाजलेला, हलवला तर वाजतो का, हे सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. तोच साचा घ्यावा. एक घट्ट झाकणाचा डबा आणि एक जाड मांजरपाटाची, तोंडाला नाडी असलेली पिशवी एवढं लागतं. पिशवी उन्हाकडे धरून बघावी. आतलं काही दिसत असेल तर तिला आतून अस्तर लावून घ्यावं.

पिशवीत पोतासाठी कपाशीच्या बोंडाचं वाळलेलं टरफल, मूठभर सरकी, दाणे काढलेलं ज्वारीचं कणीस, वाळलेल्या दोडक्याची जाळी आणि तापीकाठचा गुळगुळीत गोटा ठेवावा. टरफलाची टोकं बोटाला लागतात, ती आधी कानसून घ्यावीत. कोडं मी अहिराणीतच घालते: ‘डोया झाकीसन बी दिखस, सांग मी कोन?’ म्हणजे डोळे झाकूनही दिसतो, सांग मी कोण? मूल पिशवीत हात घालतं, वर्ग विचारतो, ते सांगतं: खरबरीत, टोचरं, भुसभुशीत. हे सगळे शब्द फळ्यावर जसेच्या तसे लिहायचे, सुधारायचे नाहीत. पिशवीतला हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं पेन्सिलीनं त्या स्पर्शाची रेघ कागदावर ओढायला सांगायचं. दोडक्याच्या जाळीची रेघ नागमोडी फिरत राहते आणि गोट्याची एका दमात वळते. तेव्हा सांगायचं, याला चित्रकलेत पोत म्हणतात. तोवर शब्दाची घाई करू नये.

कोडी लिहून झाली की त्यांची दुसरी उत्तरं शोधायची. हे काम यादीत सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहावं, कारण मी ते एकदा विसरले होते. छटा शिकवायची म्हणून मी कोडं केलं: ‘माय पिवळी, बाप पांढरा, लेकरू कसं?’ मला फिकट पिवळं हवं होतं, म्हणजे रंगात पांढरा मिसळून उजळ केलेली छटा. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘लाल.’ वर्ग हसला, मीही मान हलवून पुढे गेले. ती रडवेली होऊन म्हणाली, ‘बाई, माझ्या आजीचा पाय मुरगळला तेव्हा हळद आणि चुना कालवला होता, तो लालच झाला.’ ती अगदी बरोबर होती. हळदीवर चुन्याची क्रिया होऊन तिचा रंगच पालटतो. रंगपेटीतला पिवळा पांढऱ्यात मिसळला तर असं होत नाही. मी तिची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी दोन वाट्या मांडल्या, एकीत हळद-चुना, दुसरीत पोस्टर कलरचा पिवळा आणि पांढरा. रंग मिसळणं वेगळं आणि रंग पालटणं वेगळं, हे त्या दोन वाट्यांनी मुलांना जितकं कळलं तितकं मला कधी सांगून जमलं नसतं. आता ते कोडं मी मुद्दाम दोन उत्तरांचंच ठेवते. वाट्या मात्र मीच कालवते, चुन्याला मुलांचा हात लागू देत नाही.

दोन दिवस आधी कोडी शेजारच्या एखाद्या पोरावर घालून बघावीत. त्यानं एका दमात उत्तर दिलं तर कोडं सोपं आहे. नुसतं तोंडाकडे बघत राहिलं तर दुसरी खूण जोडावी, पहिली बदलू नये.

छाया आणि सावली यांत मुलंच काय, आपणही घोळ घालतो. वस्तूच्या अंगावरचा काळोख ती छाया, वस्तूबाहेर जमिनीवर पडते ती सावली. कोडं असं: ‘दोघी बहिणी उजेडाच्या लेकी, एक अंगाला चिकटून बसते, एक अंगणात पसरते.’ याला भरताचं हिरवं, टपोरं वांगं आणावं. बामणोदकडचं मिळालं तर फारच छान, त्याच्या सालीवर खिडकीची चकाकी अशी काही उमटते की तिसरा शब्द फुकट मिळतो. ज्या वेळी तास आहे त्याच वेळी आदल्या दिवशी वर्गात जाऊन बघावं, ऊन कोणत्या खिडकीतून येतं. बाकीच्या खिडक्यांवर पोती टांगावीत. दोन बाजूंनी उजेड आला की वांग्याला दोन सावल्या पडतात आणि कोडं कोलमडतं.

ठशांसाठी रावेर-यावल भागात वेगळं काही शोधायला नको. केळीच्या पानाचा जाड देठ आडवा कापला की आत जाळीच जाळी असते, आणि आडव्या कापलेल्या भेंडीत फूल. देठ आदल्या संध्याकाळी कापून फडक्यानं चांगला पुसून ठेवावा. चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, म्हणून मुलांना जुना सदरा घालून यायला दोन दिवस आधी सांगावं, नाहीतर घरची बोलणी मुलांना बसतात. मेणबत्तीचा तुकडाही ठेवावा. त्यानं कोऱ्या कागदावर अदृश्य रेघ ओढायची आणि वरून पातळ जलरंग फिरवायचा: ‘पूर आला, सगळं भिजलं, मी तेवढा कोरडा.’

रुळांचं कोडं भुसावळच्या मुलांना बसल्या जागी सुटतं: ‘दोघे जोडीनं निघाले, कधीच भेटणार नाहीत, पण लांबून बघणारा म्हणतो, ते बघा भेटले.’ लांबवर रूळ जिथे मिळाल्यासारखे दिसतात, त्या जागेला आम्ही सगळे व्हॅनिशिंग पॉइंटच म्हणतो. रूळ पादचारी पुलावरूनच दाखवावेत. जिथे रेल्वे नाही तिथे दोन्ही बाजूंना कडुनिंब असलेला सरळ रस्ता चालतो.

अजिंठा जळगावहून साधारण साठ किलोमीटरवर, तेव्हा त्याच्यावाचून हा तास मला अपुराच वाटतो. त्यासाठी गेरू, पिवळी माती, चुना आणि दिव्याची काजळी अशा चार वाट्या मांडाव्यात, पाचवी रिकामी ठेवावी. ‘चौघे याच मातीतले, पाचवा पाहुणा डोंगरांपलीकडून आला, कोण?’ उत्तर निळा. तो लाजवर्द या दगडाचा, आणि हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून यायचा. अजिंठ्याच्या भिंतींवर आधी भूसा आणि वनस्पतींचे धागे घातलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. हा क्रम मुलांकडून एका विटेच्या तुकड्यावर करून घ्यावा. गिलावा वाळायला वेळ लागतो, म्हणून विटा चार दिवस आधीच लिंपून सावलीत ठेवाव्यात. रंगात डिंकाचं पाणी घालायला विसरू नये, नाहीतर बोट फिरवलं की रंग पुसला जातो.

प्रतिकृती या शब्दाला वस्तू लागत नाही, गोष्ट पुरते. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकारी-चित्रकारानं 1844 पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बऱ्याचशा 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिल यांची कबर भुसावळला आहे. ‘मूळ डोंगरातच राहिलं, मी समुद्र ओलांडला आणि जळाले.’

सकाळी निघताना रद्दी, पाण्याची बादली, चार फडकी आणि शब्दांच्या पाट्या मोजून घ्याव्यात. पाट्यांची शाईची बाजू खाली ठेवावी. तास संपला की पिशवी रिकामी करून वर्गातल्या खिळ्याला टांगावी. पुढच्या सोमवारी तिच्यात काय असेल ते मुलांनी ठरवायचं, कोडंही त्यांनीच घालायचं, आणि पिशवीत हात बाईंनी घालायचा.