कीपरनं पाडलं, पेनल्टी का नाही? कट्ट्यावर मुद्द्यानं भांडायची रीत

'पंच मॅनेज झालाय' हे वाक्य आधी खिशात ठेवा. ते कधीही काढता येतंय, घाई नाही. पण एकदा काढलं की समोरचा पण तेच काढतो, मग मागच्या सीझनची फायनल निघते, त्याच्या आधीची कुठली तरी मारामारी निघते, आणि ज्या कीपरवरनं विषय सुरू झाला तो राहतो बाजूला. आमच्या कोल्हापुरात शिवाजी आणि पाटाकडील या दोन टीमांची मॅच असली तर विचारूच नका, शाहू स्टेडियमच्या गेटातनं बाहेर पडेपर्यंत निम्म्यांचा आवाज बसलेला असतो. वाद घालायला माझी ना नाही. ज्या गावात फुटबॉलच्या टीमा तालमींच्या नावानं आहेत तिथं माणूस मुकाट घरी जाणार तरी कसा. फक्त मुद्द्यानं घाला, जिंकायचा चान्स वाढतो.

तर सगळ्यात आधी भांडण नक्की कशावर आहे ते ठरवा, कारण आपल्याकडं 'कीपरचा फाउल' या एका नावावर तीन वेगळी प्रकरणं खपतात. कीपरनं माणसाला पाडलं, कीपरनं बॉल नको तिथं नाहीतर नको तेव्हा हातात घेतला, आणि कुणीतरी कीपरलाच धडकलं. तिन्हीचे नियम वेगळे, शिक्षा वेगळी. एक जण पहिल्यावर बोलतोय आणि दुसरा तिसऱ्यावर, असं अर्धा तास चाललेलं मी मिरजकर तिकटीवर ऐकलंय आणि दोघं पण आपापल्या जागी बरोबर होते.

मग जागा विचारा. कुठं झालं? मोठी डी, म्हणजे गोलसमोरचा पेनल्टीचा चौकोन, गोलपासून साडेसोळा मीटरची आणि तिची रेघ डीतच धरतात, म्हणजे रेघेवर पाडलं तर पेनल्टी. पाडापाडीत टक्कर कुठं झाली ते बघायचं, माणूस घसरत जाऊन कुठं पडला ते नाही. धरणं बाहेर सुरू झालं आणि आत येईपर्यंत चालूच राहिलं तर मात्र पेनल्टी. हाताच्या बाबतीत उलटं, तिथं कीपरचे पाय कुठं होते याला काडीची किंमत नाही, बॉल कुठं होता ते बघतात. पाय बाहेर आणि बॉल रेघेच्या वर असला तर चालतंय, पाय आत आणि बॉल पूर्ण बाहेर असला तर फ्री किक. तुम्ही दुसऱ्या टोकाला बसला होता तर या प्रश्नावर जास्त ताणू नका, तिथनं रेघ दिसतच नाही, सगळे अंदाजानंच बोलतात.

आता खरा विषय. 'बॉलला आधी लागला की वो!' हे वाक्य दर मॅचला पडतंय आणि निम्मी भांडणं यावरच होतात. नियमात असं कुठंही लिहिलेलं नाही की बॉलला आधी हात लागला म्हणजे पुढचं सगळं माफ. पंच बघतो ते एवढंच की कीपर आला कसा. नुसता बेसावध आला तर फाउल, कार्ड नाही. समोरच्याचं काय होईल याची फिकीर न करता आला तर यलो, म्हणजे ताकीद. आणि हाडं मोडतील अशा जोरात आला तर रेड, म्हणजे थेट मैदानाबाहेर, मग बॉल त्यानं आधी घेतला असू दे नाहीतर नंतर. उलट बाजू पण ध्यानात ठेवा, बॉल स्वच्छ काढून घेतला आणि मग साधी टक्कर झाली तर ती टक्करच, फुटबॉलमध्ये माणसं एकमेकांवर पडणारच.

यावर उदाहरणं तोंडपाठ ठेवा, लई उपयोगी पडतात. २०१४ ची वर्ल्ड कप फायनल, जर्मनीचा कीपर नॉयर डीच्या टोकापर्यंत उडत आला, बॉलला ठोसा घातला आणि गुडघा अर्जेंटिनाच्या हिग्वेनच्या डोक्यावर बसला. पंच रिझोलीनं फ्री किक दिली ती जर्मनीला! आपल्याकडच्या अर्जेंटिनावाल्यांच्या ते अजून घशाखाली उतरलेलं नाही. ऑगस्ट २०२३, मँचेस्टर युनायटेड-वुल्व्हज, शेवटच्या मिनिटांत युनायटेडचा कीपर ओनाना हवेत उडून वुल्व्हजच्या कलाय्झिचला धडकला, बॉल मिळाला नाहीच, तरी पेनल्टी नाही. नंतर पंचांच्या वरिष्ठांनी चूक मान्य केली असं वुल्व्हजचा कोच गॅरी ओनील म्हणाला, पण मॅच १-० नं गेली ती गेलीच. आणि सगळ्यांचा बाप म्हणजे १९८२ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल, पश्चिम जर्मनीचा कीपर शुमाखर फ्रान्सच्या बातिस्ताँवर असा आदळला की पोरगं बेशुद्ध, दात पडलेले, आणि पंचानं दिली काय तर गोल किक, म्हणजे फाउल धरलाच नाही. पुढं ३-३ होऊन पेनल्टी शूटआउट झालं, त्यात याच शुमाखरनं दोन अडवल्या आणि जर्मनी फायनलला. कुणी म्हणालं की आजकालचेच पंच बिघडलेत, तर हे सांगा.

कार्डाचा हिशोब वेगळा. 'शेवटचा माणूस होता, रेड पाहिजे' असं सरळ नसतंय. पंच चार गोष्टी बघतो: गोल किती लांब, खेळाची दिशा गोलकडं होती का, बॉल ताब्यात राहिला असता का, आणि आजूबाजूला डिफेंडर किती आणि कुठं. म्हणजे फॉरवर्डनं बॉल कॉर्नरकडं ढकलला आणि मग कीपरनं पाडलं तर पेनल्टी होईल पण 'हमखास गोल हुकवला' असं म्हणता येणार नाही. आणि २०१६ पासून नियम असा आहे की डीत बॉलसाठी खरा प्रयत्न करताना पाडलं तर पेनल्टी आणि यलो, रेड नाही. त्याच्या आधी पेनल्टी, रेड आणि वर पुढच्या मॅचला बाहेर, असा तिहेरी मार बसायचा. धरलं, ओढलं, ढकललं किंवा बॉल मिळण्याची शक्यताच नव्हती तर रेड अजून पण आहे. जुने खेळाडू इथंच फसतात, त्यांच्या डोक्यात जुना नियम पक्का बसलाय. आवाज न चढवता सांगा, वयानं मोठी माणसं आहेत, आणि मैदानात त्यांनी आपल्यापेक्षा जास्त माती खाल्लीय.

हाताचं प्रकरण लवकर उरकतो. आपल्याच माणसानं पायानं मुद्दाम दिलेला पास कीपरनं डीत हातात घेतला तर इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरनं थेट गोल धरत नाहीत), पेनल्टी नाही, गोल वाचवला असला तरी त्या हाताबद्दल रेड पण नाही. बॉल हातात धरून वेळ काढायचं २०२५ पासून बदललंय, आधी सहा सेकंदांनंतर इनडायरेक्ट होती, आता आठ सेकंद आणि समोरच्याला थेट कॉर्नर, शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. आणि कीपरला छोट्या डीत, म्हणजे गोललगतच्या लहान चौकोनात, कुणी हात लावायचा नाही हा नियमच नाही, ती अफवा आहे. बॉल त्याच्या हातात पक्का असला तर मात्र त्याला छेडता येत नाही, मग डी छोटी असो नाहीतर मोठी.

अॅडव्हांटेजवर, म्हणजे फाउल झालेल्या टीमचा फायदा होत असला तर पंचानं शिट्टी न वाजवता खेळ चालू ठेवायचा यावर, वाद आला तर २००६ ची चॅम्पियन्स लीग फायनल काढा. अठराव्या मिनिटाला आर्सेनलचा कीपर लेमननं डीच्या बाहेर बार्सिलोनाच्या एटोला पाडलं, बॉल त्याच्याच टीमच्या जुलीकडं गेला, त्यानं रिकाम्या गोलात घातला पण, पण पंच हाउगेची शिट्टी आधीच वाजली होती. गोल रद्द, लेमनला रेड, बार्सिलोनाला फ्री किक. एक सेकंद थांबला असता तर गोल मिळाला असता आणि कीपर पण मैदानातच राहिला असता. माझं मत, थांबायला पाहिजे होतं. पण हे मत मी टीव्हीसमोर बसून देतोय, हे समोरचा बोलायच्या आधी आपणच बोलून टाकायचं.

मोबाईलच्या क्लिपचं तेवढं सांभाळा. आता प्रत्येक मॅचची क्लिप ग्रुपवर पडते, कुणीतरी ती स्लो करतो, गुडघा छातीला लागलेल्या फ्रेमवर थांबवतो आणि लाल गोल काढून फिरवतो. स्लो केलं की साधा धक्का पण खून वाटतो. म्हणून व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ बघून पंचाला मदत करायच्या, पद्धतीत पण स्लो मोशन फक्त कुठं लागलं, कधी लागलं यासाठी वापरतात, किती जोरात लागलं ते नेहमीच्या स्पीडला बघतात. आपल्या मैदानावर तर व्हीएआर नाहीच, पंचानं एकदाच बघितलंय, एका बाजूनं, पळता पळता, आणि मध्ये चार माणसं. क्लिप दाखवायचीच तर आधी पूर्ण स्पीडला दाखवा आणि मग विचारा की पंच उभा होता तिथनं हे दिसलं असतं का. 'निर्णय चुकला' आणि 'पंचाला दिसणं शक्यच नव्हतं' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि बरीच भांडणं हे कबूल केल्यावर निवतात.

समोरचा खरंच नियमावर बोलतोय का जर्सीवर, हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. ३० नोव्हेंबर २०२२, अर्जेंटिना-पोलंड. मेस्सीचा हेडर मारून झाला होता, मग पोलंडचा कीपर श्चेंस्नीचा हात त्याच्या तोंडाला घासला, पंच माकेलीनं स्क्रीनवर जाऊन बघितलं आणि पेनल्टी दिली. श्चेंस्नीनं ती अडवली पण. आता अर्जेंटिनावाल्याला विचारा, पेनल्टी होती का? नॉयरच्या गुडघ्यावर तासभर बोलणारा माणूस इथं 'हात लागला म्हणजे लागला' म्हणून मोकळा होत असेल तर चहा संपवा आणि उठा. ब्राझीलवाल्यांनी लगेच खूश व्हायचं कारण नाही, तुमची पण परीक्षा घेता येते.

राहिला मैदानावरचा पंच. तो आपला निर्णय बदलू शकतो, पण खेळ परत सुरू व्हायच्या आधी. म्हणजे जे काही सांगायचं ते कॅप्टननं, तेवढ्या वेळात, दोन वाक्यांत. दहा जणांनी घेरलं तर यलोशिवाय काही हाताला लागत नाही, २०२४ च्या युरोत तर कॅप्टन सोडून कुणी पंचाकडं जायचंच नाही असं ठरवलं होतं. गॅलरीतनं बाटली गेली की मॅच थांबते, पोलीस आत येतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फाउल नाही तर हुल्लडबाजी छापून येते. पंचाचा फोटो, घर, पोरं हे ग्रुपवर टाकणाऱ्याला तिथल्या तिथं काढा, मग तो आपल्या पेठेचा असला तरी. मॅचनंतर पंच बाहेर भेटला तर 'का दिली नाही?' असं दरडावू नका, 'तुम्हाला तिथनं काय दिसलं?' असं विचारा, बरेच जण नीट सांगतात.