टाइम लूपमध्ये अडकलेलं यान रंगमंचावर आणताय? या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की एकांकिका करणाऱ्या मुलांचे फोन यायला लागतात. "ताई, संहिता तयार आहे, एकदा वाचाल का?" गेल्या काही वर्षांत या संहितांमध्ये एक विषय सारखा भेटतो. अंतराळयान, चार-पाच जणांचा क्रू, आणि तीच आठ-दहा मिनिटं परत परत, म्हणजे टाइम लूप. त्या मिनिटांच्या प्रत्येक आवर्तनाला आम्ही 'फेरी' म्हणतो. विषय एकांकिकेला अगदी बेतल्यासारखा आहे. सेट एकच, पात्रं मोजकी, प्रवेश बदलायची भानगड नाही. तरीही यातल्या बऱ्याच एकांकिका स्पर्धेच्या पहिल्याच टप्प्यात गळतात, आणि दरवेळी कारणं जवळपास तीच असतात. मी तालमींना बसते, लाइट्स करते, कधी विंगेत प्रॉपर्टी सांभाळते. तिथून जे दिसलं ते लिहिते आहे.

पहिली फेरी कच्ची राहते

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलते.

दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम चालू होती. यानाची डॉक्टर स्टीलचा पेला यान चालवायच्या बटणांच्या पॅनेलच्या कडेला ठेवते, अलार्म वाजतो, धक्का बसतो, पेला पडतो. दुसऱ्या फेरीत पुन्हा पडतो. तिसऱ्या फेरीत कॅप्टन मागे न बघता हात लांब करतो आणि पेला वरच्यावर झेलतो. कागदावर वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. तालमीत मात्र बघायला बसलेल्या पंधरा जणांपैकी एकानेही हूं की चूं केलं नाही. कारण सोपं होतं. पहिल्यांदा पेला पॅनेलच्या डाव्या टोकाला होता, दुसऱ्यांदा मधोमध. एकदा 'प्रेशर' या शब्दावर पडला, एकदा दोन वाक्यं उशिरा. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पेल्याची जागाच ठरली नव्हती, मग तो झेलला गेल्याचं नवल कुठून वाटणार?

आम्ही चार दिवस फक्त पहिली फेरी केली. पुढचं पानही उलटलं नाही. पॅनेलवर पेल्याच्या बुडाएवढी टेपची खूण, जमिनीवर रेडियम टेप, पेला पडायचा तो 'प्रेशर'मधल्या 'शर'वर, आणि पडला की इंजिनीअरची मान उजवीकडे. मुलं कंटाळली, एक-दोघं चिडलीसुद्धा. पाचव्या दिवशी सलग तीन फेऱ्या केल्या. कॅप्टनचा हात मागे गेला आणि हॉलच्या दारात उभा असलेला शाळेचा शिपाई "अरे!" म्हणून पुढे आला. लूपमध्ये प्रेक्षक फरक बघायला बसलेला असतो. फरक दिसायला हवा असेल तर आधीचं सगळं तंतोतंत सारखं लागतं.

किती फेऱ्या पूर्ण दाखवायच्या? आमची फेरी नऊ मिनिटांची होती. पहिली पूर्ण केली, दुसरी सहा मिनिटांत, तिसरी चारमध्ये, आणि त्यापुढे नुसते तुकडे. दुसरी फेरी फार कापू नका. नियम प्रेक्षकाच्या मनात तिथेच बसतो.

आता कोणीतरी विचारणारच, यानात पेला पडतो कसा? विचारायलाच हवं. इंजिन बंद ठेवून यान नुसतं तरंगत चाललं असेल तर पेला पडणार नाही, हवेतच राहील. पण इंजिन सतत जोर लावत असेल आणि यानाचा वेग दर सेकंदाला, सेकंदाला ९.८ मीटरने वाढत असेल, तर आतल्या माणसाला पृथ्वीवर असल्यासारखंच वजन जाणवतं आणि इंजिनाची बाजू ही 'खाली' होते. संहितेत यासाठी एक वाक्य पुरतं. आमच्याकडे इंजिनीअर म्हणतो, "इंजिन चालू आहे तोवर पाय जमिनीवर आहेत." विज्ञानही झालं आणि पुढच्या संकटाची चाहूलही.

वहीत लिहून ठेवणारा कॅप्टन

दहातल्या सहा संहितांत हे असतं. दुसऱ्या फेरीत कॅप्टन वहीत नोंद करतो आणि चौथ्या फेरीत ती वाचून सगळ्यांना सावध करतो. वही यानातच आहे ना? फेरी संपल्यावर पेला जागेवर जातो, अलार्म पूर्ववत होतो, मग वहीतली शाई तेवढी का टिकावी? आणि हाच प्रश्न कॅप्टनच्या आठवणींनाही लागू होतो. मेंदूही यानातच आहे.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवा: या फेरीतून त्या फेरीत काय जातं? सगळ्यांना सगळं आठवत असेल तर ती नुसती बैठक होते. कोणालाच काही आठवत नसेल तर गोष्ट पुढे सरकत नाही. थोडंसं, अर्धवट काहीतरी जाऊ द्या. एखादा आकडा, एखादा वास, विनाकारण दुखणारा गुडघा. आणि नियम एकदा ठरला की तो मोडू नका, अगदी शेवटच्या पानावर अडचण आली तरी.

या नियमाला शास्त्राचा टेकू द्यायचा मोह होतो. गणितज्ञ कुर्ट गोडेल यांनी १९४९ साली आइन्स्टाइनच्या समीकरणांचं एक असं उत्तर काढून दाखवलं, ज्यात प्रवास करता करता आपल्याच भूतकाळात पोहोचता येतं. मुलं हे नाव संहितेत टाकतात. पण अशा बंद वाटेवर एखादी घटना दुसऱ्यांदा 'वेगळी' घडायला जागाच नसते. जे आहे ते एकदाच आणि सुसंगत. त्यातून शिकून सुधारणारा क्रू निघत नाही. स्टीफन हॉकिंग यांनी तर १९९२ मध्ये असा तर्क मांडला की भौतिकीचे नियमच अशा वाटा बनू देत नसावेत. तेव्हा लूप का झाला याचं तीन पानी भाषण काढून टाका. प्रेक्षक कारणाशिवाय लूप मान्य करतो, तुम्हीच घातलेला नियम मोडलेला मात्र त्याला खपत नाही.

लूप वेगळा, संथ झालेला काळ वेगळा

कृष्णविवराजवळ घड्याळ संथ चालतं हे खरं. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळंही जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि तो फरक हिशेबात धरावा लागतो. पण या सगळ्यात काळ पुढेच चाललेला असतो, कमीअधिक वेगाने. तो मागे येऊन पुन्हा सुरू होत नाही. "कृष्णविवराजवळून गेलो म्हणून लूपमध्ये अडकलो" हे वाक्य ऐकताच जाणकार परीक्षकाची पेन्सिल चालते.

आणि मराठी प्रेक्षकाला हे कळणार नाही असं धरून चालू नका. १९७४ साली याच मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणाऱ्या जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला कथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. कथेचं नाव होतं 'कृष्णविवर'. आपला वाचक पन्नास वर्षांपासून या गोष्टींच्या ओळखीचा आहे.

पृथ्वीवरून लगेच उत्तर येतं

"मुंबई कंट्रोल, आम्ही अडकलोय!" आणि पुढच्याच क्षणी स्पीकरमधून उत्तर. यान चंद्राजवळ असेल तर ठीक, तिथून संदेश यायला सव्वा-दीड सेकंद लागतो. मंगळाच्या अंतरावर एका बाजूचा प्रवास साधारण ३ ते २२ मिनिटांचा असतो. (आजच्या काळातली इस्रो दाखवणार असाल तर दूरच्या यानांशी बोलणाऱ्या मोठ्या अँटेना बेंगळुरूजवळ ब्यालालूला आहेत, मुंबईत नाहीत.)

ही चूक दुरुस्त करताना आमच्या हाती घबाड लागलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

समजा यान मंगळाजवळ आहे, पृथ्वी तेव्हा बरीच लांब आहे, लूप यानापुरताच आहे आणि फेरी नऊ मिनिटांची आहे. यानातून सुटलेला संदेश बाहेर पडला की तो लूपच्या बाहेर गेला. तो पुसला जाणार नाही. एवढ्या अंतरावरून पृथ्वीचं उत्तर यायला मात्र नऊ मिनिटांहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे ज्या क्रूने विचारलं त्याच्यापर्यंत ते त्याच फेरीत कधीच पोहोचणार नाही. आणि पृथ्वीवर काय ऐकू येईल? दर नऊ मिनिटांनी तोच आवाज, तेच वाक्य. आमच्या लेखिकेने 'मुंबई कंट्रोल' काढून टाकलं आणि तिथे गिरगावातली आई बसवली. इंजिनीअरने घरी पाठवलेला निरोप तिच्या फोनवर येतो: "आई, जेवलीस का? मी बरा आहे." नऊ मिनिटांनी पुन्हा. पुन्हा. एकतिसाव्या वेळी ती फोन उचलून कानाला लावते आणि उत्तर देते, "जेवले रे. किती वेळा विचारशील?" मंचावर उजव्या कोपऱ्यात एक खुर्ची आणि तिच्यावर छोटा स्पॉट, एवढाच काय तो सेट.

खिडकीचंही तसंच. यान दर फेरीला सूर्याच्या हिशेबाने आपल्या मूळ जागी परत येत असेल, तरी बाहेरचा मंगळ थांबलेला नाही. तो सेकंदाला सुमारे २४ किलोमीटर वेगाने पुढे जातो. नऊ मिनिटांत जवळजवळ १३,००० किलोमीटर, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या दुपटीला थोडंच कमी. मी मागच्या पडद्यावर तांबड्या उजेडाचं एक वर्तुळ टाकलं आणि प्रत्येक फेरीला वीतभर सरकवलं. कोणीही त्याबद्दल अक्षर बोलत नाही. पाचव्या फेरीत डॉक्टर पाठमोरी उभी राहून बघत राहते आणि म्हणते, "हा इथे नव्हता." आतलं काही आठवत नसतानाही बाहेरचं जग पुढे गेल्याचा पुरावा तिला खिडकीतून मिळतो. संवादांनी जे होत नव्हतं ते एका दिव्याने केलं.

सबटायटलमधून आलेली भाषा

"आपल्याला इथून बाहेर पडायला हवं, आता!" असं आपल्यात कोणी ओरडत नाही. घाबरलेला माणूस म्हणतो, "अरे चल ना!" पुन्हा तेच घडतंय असं वाटलं तर म्हणतो, "थांब, हे झालंय ना आपलं?" कॅप्टनला 'सर' म्हणणारा इंजिनीअर घाईच्या क्षणी 'सावंत' म्हणून हाक मारू शकतो, आणि तिथे नातं उघडं पडतं. संवाद मोठ्याने वाचा. जीभ अडखळली की ओळ बदला.

विंगेत होणारे घोटाळे

प्रत्येक फेरीनंतर ब्लॅकआउट घेऊ नका. सात ब्लॅकआउट म्हणजे सात वेळा खोकले आणि मोबाइलचे उजेड. एक ठरावीक आवाज, लाइटचा झटका, आणि नट मूळ जागी. पेला उचलायला वेळ मिळत नसेल तर दोन पेले घ्या. पडलेला पायाने पॅनेलखाली सारायचा, दुसरा आधीच तयार.

खरा धोका नटाचा आहे. वाक्यं तीच, हालचाली त्याच, त्यामुळे आपण कितव्या फेरीत आहोत हे मंचावर विसरायला होतं. एका स्पर्धेत आमच्या मुलाने लूपच्या दुसऱ्या फेरीत चौथीची ओळ घेतली. समोरच्याने सवयीने चौथीचंच उत्तर दिलं आणि आठ मिनिटांचं नाटक गायब झालं. प्रॉम्प्टरला काही करता आलं नाही, कारण ओळ चुकीची नव्हतीच. तेव्हापासून पॅनेलच्या मागच्या बाजूला, प्रेक्षकांना दिसणार नाही असं, मोठ्या आकड्यांचं जुनं कॅलेंडर टांगतो. फेरी सुरू झाली की पाठमोरा असलेला नट एक पान उलटतो. क्यूशीटवरही, म्हणजे लाइट आणि आवाज कधी बदलायचे त्या यादीवर, क्यूच्या आधी फेरीचा आकडा लिहा: ३-१४, ४-१४. नुसतं १४ लिहिलंत तर लाइटवालाही हरवतो.

सेटवर पैसे उधळू नका. याच शहरात दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' या नाट्यसंस्थेच्या मंडळींनी १९७४ पासून जवळजवळ मोकळ्या जागेत नाटकं उभी केली. दोन लेव्हल्स, म्हणजे मंचावरचे लाकडी उंचवटे, आणि एक खिडकी असली तर यान होतं.

बाहेर पडणं स्वस्तात

लाल वायर कापली, स्फोट झाला, सुटलो. किंवा सगळं स्वप्न होतं. किंवा, मुंबईत हे फार होतं, शेवटी कॅप्टन पुढे येऊन सांगतो की आपलं रोजचं लोकलचं आयुष्य हाच टाइम लूप आहे. ही ओळ कृपा करून काढा. प्रेक्षक त्याच लोकलने आलेला असतो, त्याला ते पहिल्या फेरीतच जाणवलेलं असतं.

सुटकेची किंमत पात्राच्या सवयीतून यावी. आमच्या एकांकिकेत अलार्म वाजला की इंजिनीअर धावत जाऊन तो बंद करतो. चांगला इंजिनीअर हेच करेल. लूप नेमका त्या बटणामुळे पुन्हा सुरू होत असतो. शेवटच्या फेरीत त्याला अलार्म वाजत ठेवून गप्प उभं राहायचं आहे, आणि आयुष्यभराच्या शिस्तीविरुद्ध हात मागे घ्यायला त्या मुलाला तालमीत दोन आठवडे लागले.

मग दहावं मिनिट सुरू होतं. इथे घाई करू नका. झटका येत नाही, लाइट जात नाही. पेला पडून घरंगळत मंचाच्या कडेपर्यंत येतो आणि थांबतो, आणि तो उचलायचं कोणाच्याच ठरवून दिलेल्या हालचालींत नसतं. आम्ही मनात सात आकडे मोजायचो. मग डॉक्टर वाकून तो उचलते, पदरासारखी ओढणी पुढे घेऊन पुसते आणि पॅनेलवर ठेवते, टेपच्या खुणेपासून हातभर लांब.