राळेचं लाकूड शोधताय? या चुका टाळा

जून लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जळण पडवीत कितीही नीट रचा, ओल धरतंच. मग बंब पेटवायला रॉकेलच्या बाटलीची शोधाशोध. अलीकडे काही जणांना मोबाइलवर ‘फॅटवुड’ हा शब्द सापडलाय. पाइनचं राळेनं मुरलेलं लाकूड भर पावसात एका काडीनं पेटतं, हे खरंच आहे. पण ते ओळखण्याच्या नावाखाली जे चालतं, ते बघून कपाळाला हात लावावा लागतो.

पाइन म्हणजे राळ, हा समज

सगळ्यात मोठी चूक हीच. पाइनच्या झाडाला जखम झाली की ती बुजवायला तिथं राळ उतरते. झाड मेलं की बाहेरचं पांढरं लाकूड कुजून जातं आणि राळ मुरलेला गाभा तेवढा टिकतो. राळेतलं पातळ टर्पेंटाइन हळूहळू उडतं, उरलेली घट्ट राळ लाकडाच्या तंतूंत गोठून बसते. म्हणून हे लाकूड सापडतं ते जुन्या बुंध्यात, मुळाच्या वर आणि फांदी खोडाला मिळते त्या गाठीत. मधल्या सरळ, गुळगुळीत फळीत सहसा काही नसतं.

पाइन काही बेळगाव-खानापूरच्या रानातलं झाड नाही. आपल्याला मिळतो तो उद्यमबाग, मच्छेच्या कारखान्यांत यंत्रं ज्या पेट्यांतून येतात त्यांचा आणि पॅलेटचा. त्या फळ्या बहुतेक लागवडीच्या, भराभर वाढलेल्या झाडांच्या, म्हणजे पांढऱ्या लाकडाच्या असतात. खानापूर रस्त्यावरच्या एका घरात हौसेनं टेम्पोभर पेट्या उतरवून घेतल्या. दोन दिवस खपून फोडल्या, ढलप्या केल्या, रास रचली. पहिल्या झडीत त्या ढलप्या भुरभुर पेटायच्या आणि जाड जळण धरायच्या आत राख व्हायच्या. आठवड्यात रॉकेल परत आलं. गंमत अशी, की फोडताना ज्या गाठींवर कोयता अडत होता, त्या वैतागून कुंपणापाशी फेकून दिलेल्या होत्या. टेम्पोभर मालात कामाचं तेवढंच होतं.

तेव्हा फळी आली की आधी गाठी बघा. लालसर-तपकिरी लंबगोल डाग, भोवतीच्या रेषा त्याला वळसा घालून गेलेल्या. गाठीच्या दोन्ही अंगांना चार-चार बोटं सोडून करवतीनं कापा. गाठीवर कोयता आडवा घालत बसू नका, धार जाते आणि हात झिणझिणतो तो वेगळाच. कापलेला तुकडा ओंडक्यावर उभा ठेवायचा, कोयता रेषेच्या दिशेनं बसवायचा आणि लाकडी ठोकळ्यानं वरून ठोकायचं. लाकूड वळणावळणानं फाटतं, फाटू द्या. त्याआधी खिळे आणि स्टेपल उपटलेत ना, एवढं बघा.

रंगावर भरवसा

उन्हात पडलेला कुठलाही पाइन पिवळा-तांबूस होतो. त्यावरून राळ ठरवणं म्हणजे वरच्या सालीवरून फणसाचे गरे मोजणं. ताजी चीर पाडल्याशिवाय काही कळत नाही.

चाकूनं कागदाएवढी पातळ झिलपी काढा आणि उन्हाकडे धरा. राळेची झिलपी मधासारखी दिसते, उजेड आरपार येतो. साधी झिलपी पांढुरकी आणि आंधळी. तेवढ्याच आकाराच्या साध्या तुकड्याशेजारी तळहातावर घेतली तर राळेची गाठ जड लागते. चिरलेल्या बाजूवर पाण्याचा थेंब सोडला तर थेंब तसाच बसून राहतो, साध्या लाकडात मुरतो. शेवटची परीक्षा काडेपेटीची. कडेला ज्योत धरा, पेटलं की काडी बाजूला घ्या. राळ असेल तर टोकाशी बुडबुडे येतात, चुरचुर आवाज होतो, काळा धूर निघतो आणि ज्योत वाढते. नुसतं काळं पडून विझलं तर ते जळणात टाका.

वास येत नाही म्हणून चांगल्या गाठी टाकून देणारेही भेटतात. पेटीचं लाकूड तापवून वाळवलेलं असतं, वरचं टर्पेंटाइन कधीच उडालेलं असतं. ताज्या चिरेला नाक लावा, रंगाच्या दुकानासारखा वास येईल.

शिक्का न बघणं

परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या पेटीवर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का मारलेला असतो. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलंय, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, असली फळी बंद न्हाणीघरात जाळायची नाही. रंग, ऑइलचे डाग, प्लायवूड, शिक्काच नाही, अशा वेळी विचार करत बसू नका, बाजूला ठेवा. फुकट मिळालं म्हणून सगळं चुलीत जात नसतं.

भलतीच झाडं

सुरूचं झाड म्हणजे पाइन नाही. बंगल्यापुढचा ‘ख्रिसमस ट्री’ही नाही. सिल्व्हर ओक तर नाहीच. आणि घाटातल्या राळधुपाला चिरा मारून राळ काढण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल, तर ती तिथंच सोडा. त्या घाटात 2011 पासून भीमगड अभयारण्य आहे, तिथून काडीही उचलता येत नाही. बाकीच्या राखीव रानातही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

उत्तराखंडात ट्रेकला जाणाऱ्या मंडळींसाठीही हेच. तिथल्या चीडला, म्हणजे तिकडच्या पाइनला, लीसा (राळ) काढण्यासाठी खाचा मारलेल्या असतात आणि त्या जागी लाकूड राळेनं गच्च झालेलं असतं. ते बघून कोयता चालवायचा मोह होतो. पण तीच खोडाची कमजोर बाजू, अजून तासली तर झाड वाऱ्यात तिथंच मोडतं. खाली पडलेल्या कुजक्या फांदीचं खोडाकडचं टोक बघा, तेही गावच्या माणसाला विचारूनच. उन्हाळ्यात त्या जंगलात आगपेटीच बाहेर काढू नका.

घाई

नवशिक्यांची खरी खोड ही. अंगठ्याएवढा जाड तुकडा घेतात, त्याला काडी लावतात, धरत नाही म्हणून वर रॉकेल ओततात. खाली निखारा असला की भडका थेट तोंडावर येतो. राळेचं लाकूड हे जळण नाही, ते पेटवण आहे, आणि पेटवण बारीकच लागतं. पेन्सिलीएवढ्या, वीतभर नाहीतर जमेल तेवढ्या लांबीच्या तीन काड्या पुरतात. एका काडीचं टोक चाकूनं तासून झिलप्या तिलाच चिकटलेल्या ठेवायच्या. त्या खाली, बाकीच्या दोन वर तिरप्या, त्यावर बारीक काटक्या, मग करवंटीचे तुकडे किंवा शेणीचा तुकडा, आणि जाड फाटा सगळ्यात शेवटी. काटक्या धरेपर्यंत फुंकणी हातात घ्यायची नाही.

चकमकीनं, म्हणजे ठिणग्या पाडणाऱ्या फेरो सळीनं, पेटवायची हौस असेल तर झिलपी उपयोगाची नाही, कीस लागतो. चाकूच्या पाठीची धारदार कड गाठीवर आडवी घासून चमचाभर पिवळा, किंचित चिकट भुगा जमवा आणि ठिणगी त्यात पाडा. चाकूची पाठ गोलसर असेल तर फुटक्या काचेची कड चालते, हात सांभाळून.

या ज्योतीवर भाकरी शेकू नका, काजळी आणि टर्पेंटाइनची चव दोन्ही लागते. आधी राळ जळून जाऊ द्या, मग तवा ठेवा. बंबाच्या मधल्या नळीतही काजळी धरते आणि पाणी तापायला वेळ लागतो. आठवड्यातून एकदा काठीला चिंधी बांधून नळी आतून पुसा.

काड्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. डबा मात्र चुलीच्या भाणवशीवर नको, राळ ऊब लागली की मऊ होते आणि काड्या एकमेकींना चिकटतात. पंज्याएवढ्या गाठीतून दहा-बारा काड्या सहज निघतात, म्हणजे बंबाच्या तीन-चार सकाळी.