मेव्हनचा मल्टी-मॉड्यूल प्रोजेक्ट: या चुका टाळा

समजा, इंदूरच्या सियागंजातल्या घाऊक किराणा व्यापाऱ्यांसाठी जावात सॉफ्टवेअर बनवणं चाललंय आणि ते बांधायला मेव्हन हे बिल्ड टूल आहे. पॅरेंट पॉमखाली (पॉम म्हणजे मेव्हनची सेटिंग फाइल, पॅरेंट म्हणजे सगळ्या मॉड्यूल्सची सामायिक) कॉमन, साठा आणि बिलिंग अशी तीन मॉड्यूल्स. बिल्ड पास होतो, पण दुकानात बिल काढायला गेलं की 'नोक्लासडेफफाउंडएरर' (चालताना क्लास सापडला नाही) येतो आणि पुढे नाव असतं 'स्ट्रीमरीडकन्स्ट्रेंट्स'चं. इथे बरेचजण घाईघाईने एक्सक्लूजन (एखादी लायब्ररी वगळण्याची सूचना) टाकत सुटतात. ते आधी थांबवा.

हा क्लास जॅक्सन या जेसन वाचणाऱ्या लायब्ररीच्या जॅक्सन-कोअर भागात २.१५ पासून आहे. बिलिंग साठ्यावर अवलंबून आहे. साठा मॉड्यूलमधून जॅक्सन-डेटाबाइंड २.१५ येतं आणि तेच कोअर २.१५ मागतं. पण बिलिंगमध्ये घेतलेली एखादी जुनी लायब्ररी कोअर २.९ थेट ओढते. मेव्हन नवं-जुनं पाहत नाही, जवळचं पाहतो: बिलिंगपासून २.९ दोन पायऱ्यांवर, २.१५ तीन, म्हणून २.९ जिंकतं. अंतर सारखं असेल तर पॉममध्ये आधी लिहिलेली डिपेंडन्सी (लागणारी लायब्ररी) जिंकते. ग्रेडल हे दुसरं बिल्ड टूल मात्र सहसा वरची आवृत्ती निवडतं, त्यामुळे तिथला अनुभव इथे लावू नका.

बिलिंगवर 'डिपेंडन्सी:ट्री' ही कमांड व्हर्बोज (सविस्तर) चालवा. 'ओमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट' लिहिलेली ओळ शोधली की कोणी कोणाला हरवलं ते कळतं. मग पॅरेंटच्या 'डिपेंडन्सीमॅनेजमेंट'मध्ये जॅक्सनचा बॉम (एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांची यादी) टाका: टाइप पॉम, स्कोप इम्पोर्ट. तो साठ्याच्या पॉममध्ये टाकला तर बिलिंगला त्याचा काही उपयोग नाही. ही चूक फार होते.

दुसरी सवय म्हणजे कॉमन बदलायचं आणि बिल्ड मात्र एकट्या बिलिंगचा करायचा. अशा वेळी मेव्हन लोकल रिपॉझिटरीतला (आपल्याच मशीनवरच्या लायब्ररी साठ्यातला) जुना कॉमनचा जार उचलतो आणि आपण कोडमध्ये चूक शोधत बसतो. '-पीएल बिलिंग'सोबत '-एएम' द्या, म्हणजे बिलिंग ज्यांच्यावर अवलंबून आहे ती मॉड्यूल्सही आधी बांधली जातील.

नेट मध्येच गेलं आणि डाउनलोड फसलं, तर मेव्हन ते अपयशही लक्षात ठेवतो, रिपॉझिटरीत '.लास्टअपडेटेड' फाइल राहते आणि नेट आल्यावरही तोच एरर दिसतो. '-यू' लावून बिल्ड करा. त्यासाठी अख्खं '.एम२' (लोकल रिपॉझिटरीचं फोल्डर) उडवू नका, सगळे जार पुन्हा उतरवत बसावं लागेल.

मेव्हन ३.८.१ पासून साध्या एचटीटीपीवरची बाहेरची रिपॉझिटरी अडवली जाते. जुन्या पॉममधला पत्ता एचटीटीपीएस करा.